भिंतीवरचा गुलाब आणि भुरी

मार्गशीर्षात पहाटेचा गारवा वाढू लागला की ओसरीच्या खांबावर किंवा फाटकाच्या कमानीवर चढविलेल्या गुलाबाच्या कोवळ्या फुटीवर, कोणी पिठाचा हात पुसावा तशी, पांढरी भुकटी दिसू लागते. कोवळी पाने कडांनी वर वळतात, त्यांवर तांबूस फोडांसारखे उंचवटे येतात, कळीचा देठ पांढुरका होतो, आणि पंधरा दिवसांपूर्वी बहराची ग्वाही देणारे झाड एकाएकी केविलवाणे दिसू लागते. ह्या रोगाला भुरी म्हणतात, हे बहुतेकांस ठाऊक असते. ती एक बुरशी आहे, हेही ठाऊक असते. घोटाळा होतो तो ह्यापुढे. बुरशी म्हणजे ओल आणि ओल म्हणजे पाणी फार झाले, असा सरळ हिशेब मांडून घरधनी गुलाबाचे पाणी तोडतो. झाड अधिक सुकते, भुरी अधिक पसरते, आणि होळीच्या सुमारास वैतागून ते मुळासकट उपटले जाऊन त्या जागी बोगनवेल लावली जाते. नीट जोपासल्यास वर्षानुवर्षे फुलत राहणारे झाड अशा रीतीने केवळ एका गैरसमजापायी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच नाहीसे होते.

शिळ्या भाकरीवर येणारी किंवा पावसाळ्यात चामड्याच्या जोड्यावर चढणारी बुरशी निर्जीव पदार्थावर वाढते आणि तिला ओल लागते. भुरीचे तसे नाही. ती केवळ जिवंत पानावर, जिवंत फांदीवरच जगू शकते. शास्त्रज्ञ गुलाबावरील भुरीला पोडोस्फेरा पॅनोसा असे म्हणतात. जुन्या पुस्तकांत तिचेच नाव स्फेरोथिका पॅनोसा असे आढळेल. पॅनोसा ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ लक्तरासारखी. जुन्या फांद्यांवर, विशेषतः काट्यांच्या बुडाशी, साचलेले तिचे मळकट पांढरे अस्तर ज्याने पाहिले असेल त्याला हे नाव पटल्यावाचून राहणार नाही. ही बुरशी पानाच्या आत शिरून त्याला कुजवीत नाही. तिचे धागे पानाच्या पृष्ठभागावरच पसरतात. अधूनमधून एखादे आखूड मूळ वरच्या पेशींत खुपसून ती तेवढा रस शोषून घेते. ह्या धाग्यांवर मग बारीक दांडे उभे राहतात आणि प्रत्येक दांड्यावर मण्यांच्या माळेसारखी बीजे लागतात. डोळ्यांना पांढरी भुकटी म्हणून दिसतात ती हीच.

ह्या बीजाची एक खुबी ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्यापुरते पाणी ते स्वतःच्या पोटात बाळगून असते. रुजण्यासाठी त्याला दवाचा थेंब लागत नाही, हवेतील दमटपणा पुरतो. उलट त्यावर पाण्याचा थर साचला तर ते नीट रुजतच नाही. १९३९ साली यारवुड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने निव्वळ पाण्याच्या फवाऱ्याने भुरी आटोक्यात ठेवता येते असे दाखवून दिले, तेव्हा पुष्कळांस त्याचे नवल वाटले असेल. पाणी तोडणाऱ्या घरधन्यास तर ते आजही वाटेल.

भुरीला हवी तशी हवा म्हणजे रात्री गारवा व दमटपणा, आणि दिवसा ऊब व कोरडेपणा. रात्री सुमारे १६ अंश सेल्सिअस तापमान आणि हवेत शेकडा नव्वदीच्या वर आर्द्रता असली की बीजे तयार होतात व रुजतात. दिवसा २७ अंशांच्या आसपास ऊन आणि कोरडा वारा असला की ती मोकळी होऊन उडतात. पानावर पडलेले बीज अनुकूल दिवसांत आठवड्याच्या आतच स्वतःची नवी बीजे उधळू लागते. इंदूर व बडोदे येथील हिवाळा डोळ्यांपुढे आणला म्हणजे हे वर्णन किती जुळते ते कळेल. दुपारी अंगात सुती कपडा पुरे आणि पहाटे शाल हवी, अशा त्या दिवसांत भुरीला पाहुणचाराची कमतरता पडत नाही. ग्वाल्हेरकडे भर पौषात थंडी इतकी कडक पडते की भुरीही आखडते. तेथे तिचा जोर थंडीच्या दोन्ही टोकांना, म्हणजे कार्तिकात आणि पुन्हा माघ-फाल्गुनात, जाणवतो. बेळगाव व हैदराबाद येथे रात्री फार गारठत नाहीत, म्हणून तिचा मुक्काम लांबतो. गोव्याची तऱ्हा वेगळी. तेथे पावसाने पाने दिवसच्या दिवस ओली राहतात, आणि गुलाबाला छळतो तो प्रामुख्याने काळ्या ठिपक्यांचा रोग. तो मात्र खरोखरच ओलीचा रोग आहे; पान सलग सहा-सात तास ओले राहिल्याशिवाय तो पानात शिरत नाही. हे दोन रोग असे एकमेकांच्या उलट स्वभावाचे असल्यामुळे, एकाचे औषध दुसऱ्याला लावणारा माणूस फसतो.

भुरी सर्वच गुलाबांवर येते. पण भिंतीवर चढविलेल्या गुलाबावर ती अधिक का येते? ह्याचे उत्तर त्या झाडाच्या मूळ घरात सापडते. गुलाब हा खऱ्या अर्थाने वेल नव्हेच. द्राक्षीसारखे तणावे त्याला नाहीत, की गारवेलीप्रमाणे आधाराला वेढे घालण्याची कलाही नाही. त्याला आहेत ते मागे वळलेले काटे. रानात तो लांबच लांब फांद्या शेजारच्या झाडावर टाकतो आणि काट्यांचे आकडे अडकवीत वर सरकतो. मणिपूरच्या व त्यापलीकडील ब्रह्मदेशच्या डोंगरांत रोझा जायगँटिया नावाचा पांढुरका रानगुलाब अशा रीतीने पन्नास फुटांहूनही उंच जातो. १८८२ साली जॉर्ज वॅट ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो मणिपुरात पाहिला. आजच्या बागेतील मोठ्या फुलांच्या गुलाबांत चहाच्या वासाचे जे चिनी गुलाब मिसळले आहेत, त्यांच्या पूर्वजांत ह्या रानगुलाबाची गणना होते. तेव्हा भिंतीवर हात पसरणाऱ्या गुलाबाच्या अंगी ही डोंगरी खोड असावी यात आश्चर्य नाही.

रानातील त्या गुलाबाचे पाय झाडाखालच्या ओलसर पाचोळ्यात असतात आणि डोके वाऱ्यात व उन्हात असते. घराच्या भिंतीशी लावताना नेमके ह्याच्या उलट घडते. पाय कोरड्यात येतो आणि डोके कोंडते. भिंतीच्या पायाशी माती म्हणून जी दिसते, तीत विटांचे तुकडे, चुन्याचा गाळ, सिमेंटची चिपाडे असा बांधकामाचा सगळा कचरा दडलेला असतो. वरून छपराची वळचण पाऊस अडविते, आणि विटांची भिंत जमिनीतील ओल स्वतःच शोषून घेते. वरवर हात लावला तर माती गार लागते. वीतभर उकरून पाहिले तर आत भुसा निघावा तशी कोरडी असते. अशा जागी उभ्या असलेल्या झाडाची पाने दुपारी मलूल होतात आणि कोवळ्या पानांची प्रतिकारशक्ती खचते. त्यातच भिंतीला चिकटलेल्या दाट फांद्यांमधून वारा खेळत नाही, रात्रीची दमट हवा तेथेच अडकून राहते. वर दमटपणा आणि खाली कोरड ही जोडी भुरीच्या इतकी पथ्यावर पडते, की गंधकाच्या कितीही पिशव्या रिकाम्या केल्या तरी ती पुन्हा पुन्हा येत राहते. म्हणून भुरीचा विचार पान पांढरे पडल्यावर करण्याऐवजी खड्डा खणतानाच केलेला बरा.

खड्डा भिंतीला लागून न घेता दीड ते दोन फूट दूर घ्यावा आणि रोप भिंतीकडे किंचित कलते लावावे. खड्ड्याची लांबी, रुंदी व खोली अडीच फुटांहून कमी नसावी. खणताना निघालेले विटांचे तुकडे व चुना फेकून द्यावे, पुन्हा आत लोटू नयेत. मातीत दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड आणि तेवढाच हाडांचा चुरा मिसळला म्हणजे पुष्कळ झाले. ताजे शेण घालू नये. माळव्यातील काळ्या जमिनीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ही जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. तेथे तळाशी अर्धा फूट विटांच्या तुकड्यांचा थर देऊन त्यावर वाळू किंवा मुरूम मिसळलेली माती भरावी आणि वाफा सभोवारच्या जमिनीपेक्षा चार-सहा बोटे उंच ठेवावा. डोळा भरलेला सांधा मातीच्या दोन बोटे वर राहिला पाहिजे. त्याच्या खालून, म्हणजे खुंटावरून, येणारे धुमारे दिसताच मुळापासून काढून टाकावेत; ते ठेवले तर दोन वर्षांत खुंट माजतो आणि हौसेने आणलेला गुलाब नाहीसा होतो. भिंत निवडण्यास वाव असेल तर पूर्वेची निवडावी. सकाळचे ऊन रात्रीचा दमटपणा लवकर उडवून लावते. पश्चिमेची भिंत वैशाखात तव्यासारखी तापते, आणि उत्तरेच्या भिंतीला हिवाळ्यात ऊनच लागत नाही.

जाळी किंवा तारा भिंतीवर थेट ठोकू नयेत. चार ते सहा इंच लांबीच्या लाकडी किंवा लोखंडी खुंट्या भिंतीत बसवून त्यांवर सव्वा-दीड फुटाच्या अंतराने आडव्या तारा ताणाव्यात, म्हणजे फांद्यांच्या मागून हवा वाहती राहते. एवढ्या एका मोकळ्या जागेने भुरीचा किती बंदोबस्त होतो ते अनुभवानेच पटेल. फांद्या काथ्याच्या किंवा सुतळीच्या सैल पेडाने, इंग्रजी आठाच्या आकारात वेढा देऊन बांधाव्या. बारीक तारेने करकचून बांधलेली फांदी जाड होऊ लागली की तार सालीत रुतते.

फांद्या बांधायच्या त्या आडव्या किंवा तिरप्या. सरळ वर नेलेली फांदी टोकालाच फुलते, आणि फुले शेजाऱ्याच्या गच्चीवरून दिसतात, असा अनुभव पुष्कळ घरी येतो. ह्याचे कारण असे की वाढत्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे द्रव्य तयार होते, ते खाली उतरत जाते आणि वाटेतल्या डोळ्यांना फुटू देत नाही. फांदी वाकवून आडवी केली की शेंड्याची ही हुकमत ढिली पडते आणि फांदीवरचा जवळजवळ प्रत्येक डोळा वर उभारी घेतो. त्या प्रत्येक फुटव्याच्या टोकाला फूल येते. खांबावर चढवायचा असेल तर फांद्या सरळ न नेता खांबाभोवती नागमोडी फिरवाव्या. फांदी कोवळी असतानाच थोडी थोडी, आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने वाकवावी. जून झालेली फांदी एका दिवसात वाकविण्याचा आग्रह धरला तर ती बुडाशी चिरते.

छाटणीच्या बाबतीत वेलीसारखे चढणारे गुलाब आणि झुडपी गुलाब ह्यांत फरक केला पाहिजे. झुडपी गुलाब दसऱ्याच्या सुमारास बरेच खाली छाटतात. चढणाऱ्या गुलाबाला तसे छाटले तर त्याची सारी उंची गेली. शिवाय मोठ्या फुलांचे चढणारे गुलाब पुष्कळदा झुडपी गुलाबाच्याच एखाद्या लांबलेल्या फांदीपासून निपजलेले असतात. त्यांना फार खोल छाटले, तर ते पुन्हा झुडपाच्या वळणावर जाण्याचा धोका असतो. पहिली दोन वर्षे मुख्य फांद्यांना कात्री लावू नये. पुढे दरवर्षी वाळलेल्या, रोगट व फार जुन्या फांद्या बुडापासून काढाव्या, एकमेकींवर घासणाऱ्या विरळ कराव्या, आणि आडव्या फांद्यांवरचे फुलून गेलेले फुटवे दोन-तीन डोळ्यांवर आखूड करावे. वर्षातून एकदाच, वसंतात, गुच्छांनी फुलणाऱ्या जाती मात्र ऑक्टोबरात मुळीच छाटू नयेत. त्यांची फुले मागच्या वर्षीच्या लाकडावर येतात. त्यांची छाटणी बहर ओसरल्यावर करावयाची असते.

ह्या ऑक्टोबरच्या छाटणीतच भुरीची मेख आहे. छाटणीनंतर सहा-सात आठवड्यांनी बहर येतो. मधल्या काळात झाड लुसलुशीत नव्या पालवीने भरून जाते, आणि भुरी जून पानापेक्षा कोवळ्या पानावरच अधिक पडते. म्हणजे भुरीची हवा आणि गुलाबाची पालवी ह्यांची गाठ आपणच छाटणीच्या कात्रीने घालून देतो. नाशिककडील द्राक्षबागाईतदारांना हे दुखणे चांगले परिचयाचे आहे. त्यांचीही फळासाठीची गोडी छाटणी ऑक्टोबरातलीच, आणि त्यांच्याही कोवळ्या फुटीवर त्याच दिवसांत भुरी टपलेली असते. गुलाबाची छाटणी पाऊस उघडताच उरकली, ती नोव्हेंबरपर्यंत रेंगाळू दिली नाही, तर थंडी पडेपर्यंत पहिल्या पालवीतील बरीच पाने जून होतात. संपूर्ण सुटका होते असे नव्हे. चढणाऱ्या गुलाबाला नवी फूट येतच राहते. पण पहिला आणि मुख्य बहर पुष्कळसा वाचतो. छाटणीबरोबर युरियाची मूठ सढळ हाताने टाकण्याची चाल मात्र सोडली पाहिजे. नत्र अधिक झाले की पाने मोठी, हिरवीगार पण पातळ व कोवळी राहतात. बघणाऱ्याला ती सुखवितात, आणि भुरीलाही.

गंधक हे भुरीचे औषध सापडले ते द्राक्षांमुळेच प्रसिद्ध झाले. १८२१ साली आयर्लंडमधील जॉन रॉबर्टसन ह्याने पीच झाडावरील भुरीस गंधक व साबणाचे पाणी लागू पडते असे सांगितले होते. परंतु त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १८४५ साली इंग्लंडमधील मार्गेट ह्या गावी टकर नावाच्या माळ्याला काचघरातील द्राक्षवेलींवर पांढरी भुकटी आढळली. बर्कली नावाच्या बुरशीशास्त्रज्ञ धर्मोपदेशकाने तिला त्या माळ्याचेच नाव दिले. थोड्याच वर्षांत हा रोग फ्रान्समध्ये पोहोचला आणि १८५४ साली तेथील द्राक्षमद्याचे उत्पादन अगदी तळाला गेले. गंधकाची भुकटी वेलींवर धुरळण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली तेव्हा कोठे ते सावरले. व्हर्साय येथील ग्रिझोन नावाच्या माळ्याने गंधक व चुना एकत्र उकळून केलेले पाणीही त्याच काळातले. युरोपातील द्राक्षमळ्यांत ओळींच्या टोकाशी गुलाब लावलेले दिसतात, आणि गुलाबावर भुरी दिसली की द्राक्षांवर येणार असे समजावे, असे सांगितले जाते. हवामानाची सूचना म्हणून त्यात तथ्य असेल. परंतु गुलाबाची भुरी द्राक्षीवर चढत नाही आणि द्राक्षीची गुलाबावर चढत नाही. दोन्ही बुरश्या निराळ्या आहेत. एकेकाळी हैदराबादच्या परिसरात अनाबेशाहीचे मांडव मोठ्या प्रमाणावर होते. तशा मांडवाशेजारी गुलाब लावायला कोणी कचरत असेल तर ती भीती अनाठायी आहे.

आजही पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक हे घरगुती बागेसाठी सर्वांत स्वस्त व खात्रीचे औषध होय. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम घेऊन पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावे आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा द्यावे. ते पान पांढरे होण्याची वाट न पाहता, नवी पालवी बोटभर झाली की दिलेले चांगले; गंधक रोग थोपविते, पण वळलेले पान सरळ करीत नाही. ऊन ३०-३२ अंशांच्या वर गेले असता गंधकाने पाने करपतात. बडोद्याकडे फेब्रुवारीच्या उत्तरार्धातच दुपार एवढी तापते. तेव्हा फवारणी त्यापूर्वीच संपवावी. निंबोळी तेल किंवा इतर कोणतेही तेल फवारले असेल तर त्यानंतर दोन आठवडे गंधकाला हात लावू नये.

स्वयंपाकघरातील उपायांची चर्चा अलीकडे फार ऐकू येते. एक भाग दूध व नऊ भाग पाणी हे मिश्रण भोपळवर्गातील झाडांच्या भुरीवर उपयोगी पडते असे ब्राझीलमधील बेत्तिओल ह्या शास्त्रज्ञाने १९९९ साली प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून गुलाबावरही ते वापरले जाते. उन्हात फवारलेले चांगले. आठवड्यातून एकदा द्यावे लागते. दोन-चार झाडांपुरते ते ठीक आहे. खाण्याचा सोडा काही प्रमाणात भुरी दडपतो, पण पुनःपुन्हा वापरल्यास त्यातील सोडियम आळ्यात साचून मुळांस बाधते. त्यापेक्षा पोटॅशियम बायकार्बोनेट बरे. झाडाच्या रसात मुरणारी आधुनिक बुरशीनाशके जालीम आहेत खरी, परंतु एकच औषध सारखे मारीत राहिल्याने बुरशीला त्याची सवय होते. घरच्या एका कमानीसाठी त्यांची गरज क्वचितच पडावी.

सर्वांत साधा उपाय आहे तो पाण्याचाच. सकाळी ऊन आल्यावर झारीने किंवा नळीच्या बारीक फवाऱ्याने पाने वरून व खालून धुवावी. बीजे धुऊन जातात, उरलेली नीट रुजत नाहीत, आणि दहा-साडेदहापर्यंत पाने कोरडी होतात. हेच संध्याकाळी केले तर पाने रात्रभर ओली राहून काळ्या ठिपक्यांना आमंत्रण जाईल. यास्तव वेळेच्या बाबतीत हयगय नको. आळ्यात मात्र हिवाळ्यातही दर चार-पाच दिवसांनी भरपूर पाणी सोडावे, आणि ते खोल मुरते की नाही हे अधूनमधून बोटभर लांबीच्या नव्हे तर हातभर लांबीच्या काठीने तपासावे. आळ्यावर उसाचे पाचट, गव्हाचे काड किंवा वाळका पाला ह्यांचा दोन-तीन इंच थर दिला की रानातल्या पाचोळ्याची थोडी तरी भरपाई होते. एखादा शेंडा पूर्ण पांढरा झाला असेल तर तो खुडून जाळावा. भुरी पुढील हंगामापर्यंत जिवंत डोळ्यांत व सालीवर दडून राहते ती अशाच शेंड्यांतून. पांढऱ्या पानांवर लहान पिवळे भुंगेरे दिसले तर घाईने औषध मारू नये. लाल ठिपकेवाल्या भुंगेऱ्यांचेच हे भाईबंद, पण मावा खाण्याऐवजी ते भुरीच खातात.

जातीची निवड हा विषय स्वतंत्र भाषणाचा आहे, तरी एक गोष्ट सांगण्याजोगी. १८९३ साली जपानमधून आलेला क्रिमझन रॅम्बलर नावाचा लाल गुच्छांचा गुलाब इंग्लंडात विक्रीस आला आणि पाहता पाहता घरोघरच्या कमानींवर चढला. पण भुरीपुढे तो अगदी दुबळा ठरला, आणि काही दशकांतच बागांतून मागे पडला. १९०१ साली आलेल्या गुलाबी डोरोथी पर्किन्सचीही तीच कथा. ह्याउलट १९३० सालचा न्यू डॉन चिवट व चकचकीत पानांमुळे आजही टिकून आहे. अमेरिकेत वनस्पतीला दिलेला पहिला एकाधिकार १९३१ साली त्यालाच मिळाला. रोपवाटिकेत गेल्यावर फुलाच्या रंगाइतकेच पानाकडेही पाहावे. जाड, तकतकीत पान हे पातळ व मऊ पानापेक्षा बहुधा भुरीला अधिक दाद देत नाही. पिवळ्या गुच्छांचा, काटे जवळजवळ नसलेला बँक्सिया गुलाब भुरीपासून बव्हंशी मुक्त असतो, आणि ग्वाल्हेरसारख्या कडक थंडीच्या गावी तो वसंतात चांगला फुलावा. भारतीय गुलाबशौकिनांचे अग्रणी डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे व्यवसायाने गव्हाचे संशोधक. तांबेऱ्याच्या तिन्ही प्रकारांना तोंड देणारा एन. पी. ८०९ हा गहू १९५४ साली त्यांच्या कामातून निघाला. पुढे १९६५ साली ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले, आणि 'द रोझ इन इंडिया' हा त्यांचा ग्रंथ १९६६ सालचा. बुरशीशी औषधाने झुंजण्यापेक्षा तिला न जुमानणारी जात लावावी, हा गव्हाच्या शेतातला विचार गुलाबाच्या वाफ्यातही लागू आहे.

चैत्र लागला, दुपार पस्तिशीच्या पुढे गेली, की भुरी आपोआप ओसरते. त्यानंतर औषध फवारणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. ह्या दिवसांत झाडाला हवे असते ते दिवसाआड खोल पाणी आणि बुडाशी सावली. पाचटाचा थर नवा करावा, पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर दुपारपुरते गोणपाटाचे छत टाकावे, आणि सैल झालेल्या तारा पावसाळ्यातील लांब फांद्या येण्यापूर्वी पुन्हा ताणून घ्याव्या.